हायवे ४९ : खालची गावं की वरची?

हायवे ४९ म्हणजे कॅलिफोर्नियातल्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावांतून जाणारा रस्ता. शनिवार-रविवारात तो अख्खा होत नाही, वळणं फार. त्यामुळे बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासहून) निघतानाच ठरवावं लागतं: खाली दक्षिणेला कोलंबिया, एंजल्स कॅम्प, सटर क्रीक, की वर उत्तरेला ग्रास व्हॅली, नेव्हाडा सिटी. आम्ही दोन्ही केलंय, वेगवेगळ्या वर्षी. (कोलोमा मधोमध आहे. १८४८च्या जानेवारीत जेम्स मार्शलला सोनं दिसलं आणि सोन्यासाठी झुंबड उडाली, ते गाव हेच. कुठल्याही बेतात बसतं.)

पोरं लहान असतील तर कोलंबियाला नाही म्हणणं अवघड आहे. मेन स्ट्रीटवर गाड्यांना बंदी, घोडागाडी, परातीत वाळू घोळवून सोन्याची चमक शोधायची. आमची मुलगी हलेना. पण आम्ही पडलो उशिरा निघणारे. पोहोचेपर्यंत चार वाजले आणि पाचला एकेक दार लागायला लागलं. साधं आइस्क्रीम मिळेना. १९४५ पासून ते गाव स्टेट पार्कच आहे, म्हणजे सरकारने जपलेलं, तेव्हा चूक त्यांची नाही. पण रिकाम्या रस्त्यावर रडणारं पोर घेऊन उभं राहिल्यावर हा समजूतदारपणा टिकत नाही.

नेव्हाडा सिटीत संध्याकाळी ब्रॉड स्ट्रीटवर गॅसचे दिवे लागतात आणि लोक जेवायला बाहेर पडतात. गाव जुनं आहे, पण तिथे अजून माणसं नांदतात. मला तेवढ्यानेच जिंकलं.

शिवाय शेजारी ग्रास व्हॅलीत एम्पायर माइन. १८५० ते १९५६ चाललेली ही सोन्याची खाण. बोगदे ३६७ मैल, म्हणजे जवळजवळ मुंबई ते पणजी, सगळं जमिनीखाली. खाणीत उतरणारे बरेचसे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे, म्हणून गावात पेस्टी मिळते: करंजीची थोरली बहीण. आत बहुधा बीफ असतं, विचारून घ्या. वेळ उरला तर मालाकॉफ डिगिन्स बघा. तिथे सोन्यासाठी पाण्याच्या फवाऱ्याने अख्खा डोंगर धुऊन काढलाय. गाळ नद्यांतून खाली शेतात शिरायला लागला, तेव्हा १८८४ साली कोर्टाने तो नदीत सोडणं बंद केलं.

तुम्ही पहाटे सहाला गाडी काढणाऱ्यांतले असाल, तर कोलंबियाचं माझं गाऱ्हाणं विसरा. वर गेलात आणि डाउनीव्हिलपर्यंत जायचा मोह झाला, तर मागच्या सीटवर आवळासुपारी देऊन ठेवा. आमची डिकीत राहिली होती.