मॉरिशसची खासगी डे-टूर: पाहुणे बदलले, गाडी तीच राहिली

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मॉरिशसला राहायला आलो आणि दोन्हीकडच्या मंडळींनी पासपोर्ट काढायला टाकले. भारतीय पर्यटकाला इथे आधी व्हिसा काढावा लागत नाही, विमानतळावर उतरल्यावर शिक्का मिळतो, त्यामुळे न येण्याला कोणाकडेच सबब उरली नाही. सासू-सासरे, माझे आई-बाबा, नणंदेचं कुटुंब, नवऱ्याचे कॉलेजचे मित्र. प्रत्येकाला बेट दाखवायचं आणि नवऱ्याला रजा नाही. मग ड्रायव्हर-गाइडसकट गाडी दिवसभरासाठी घ्यायची आणि आपल्याला हवा तसा दिवस आखून घ्यायचा, हे ठरूनच गेलं. गेले बरेच महिने हेच चाललंय, त्यामुळे एकदा सुट्टीला येऊन लिहिलेल्या कौतुकापेक्षा जरा वेगळं सांगता येईल.

पैसे वसूल होतात का? होतात, पण गाडी खासगी आहे म्हणून नव्हे. बेट लहान आहे, उत्तर-दक्षिण साधारण 65 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम 45. पाहायची ठिकाणं ठरलेली, रस्ते ठरलेले. बहुतेक टूर कंपन्या नैऋत्येचा दिवस एकाच क्रमाने फिरवतात: सकाळी क्युरपीपचं ज्वालामुखीचं विवर, मग गंगा तलाव, मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा व्ह्यू पॉइंट, जेवायच्या सुमारास शामारेल, शेवटी समुद्र. तुम्ही खासगी गाडी घेऊन हाच क्रम पाळलात तर प्रत्येक ठिकाणी त्याच बसेस तुमच्या आधी उभ्या असतात. पैसे मोजायचे ते हा क्रम मोडून देणाऱ्या माणसासाठी.

आम्हाला तो माणूस दुसऱ्या खेपेला मिळाला. पन्नाशीचे गृहस्थ, घरी भोजपुरी आणि क्रेओल (फ्रेंचवरून झालेली इथली बोली), पाहुण्यांशी हिंदी, इंग्रजी, फ्रेंच. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी ‘भाईसाब’ हाक मारली, तेच आमच्याकडे त्यांचं नाव पडलं. भाईसाब नैऋत्येचा दिवस उलटा लावतात. सकाळी लवकर निघून पश्चिम किनाऱ्याने खाली जायचं, केस नॉयालहून घाट चढायचा आणि शामारेलचं गेट उघडतं त्याच सुमारास आत शिरायचं. तिथला धबधबा चांगलाच उंच. पुढची सात रंगांची माती म्हणजे बसॉल्ट खडक झिजून झालेली, लोहामुळे लाल-तांबूस आणि ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळी. सकाळचं तिरपं ऊन असलं की रंगांचे पट्टे सुटे दिसतात. दुपारी डोक्यावर ऊन आल्यावर मी तीच माती पाहिली आहे, सगळी एकजात विटकरी दिसते. शिवाय सकाळी कठड्याशी जागा मिळते, फोटोसाठी कोणाच्या मागे ताटकळावं लागत नाही. बसेस वर यायला लागतात तेव्हा आम्ही तिथून निघालेले असतो.

एक सांगते, केस नॉयालचा तो चढ नागमोडी आणि खडा आहे. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा आणि आल्याच्या वड्या हाताशी ठेवा.

क्रम बदलण्यामागे गर्दीखेरीज हवामानही असतं आणि हे इथे राहिल्याशिवाय मला कळलं नसतं. वारा बहुतेक वेळ आग्नेयेकडून येतो, मधलं पठार तो अडवतं, म्हणून पठारावर पाऊस आणि पश्चिमेला कोरडं. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, क्युरपीपच्या बाजूला त्याच्या तिप्पट-चौपट. आपण घरून निघताना लख्ख ऊन असतं आणि अर्ध्या तासात विवराच्या काठावर उभं राहून समोर नुसतं धुकं. भाईसाब आदल्या रात्री फोन करतात, सकाळी आणखी एकदा डोंगराकडे बघून घेतात आणि मग सांगतात, आज आधी वर जाऊ किंवा आज आधी खाली. जून ते सप्टेंबर हा इथला हिवाळा. तेव्हा पूर्वेला वारा इतका असतो की इल ओ सेर्फ या छोट्या बेटाची बोट घ्यायची असेल तर दिवस भाईसाब सांगतील तोच. तो दिवस जमिनीवरच्या टूरमध्ये कोंबूही नये, बोटीतच अर्धा दिवस जातो.

गंगा तलाव मात्र धुक्यातही चालतो. 33 मीटर उंचीचा मंगल महादेव ढगातून एकदम समोर येतो तेव्हा सगळ्यांचे हात आपोआप जोडले जातात. विवरात साठलेलं हे तळं, काठावर देवळं, माकडं भरपूर. माकडांपासून प्रसाद सांभाळा. महाशिवरात्रीच्या आठवड्यात इथे टूर ठरवू नका, लाखो भाविक कावडी घेऊन चालत येतात आणि रस्ते त्यांचे असतात. भाविक म्हणून चालायचं असेल तर गोष्ट वेगळी.

सासूबाई रत्नागिरीच्या. इथला समुद्र त्यांना पहिले दोन दिवस पटलाच नाही. बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, लाटा लांब तिथेच फुटतात आणि किनाऱ्याशी हिरवंनिळं, गुडघाभर, शांत पाणी. पोहायला उत्तम, पण त्या म्हणायच्या, “ह्याला समुद्र म्हणायचं की तळं?” भाईसाबनी हे ऐकलं आणि ठरलेल्या यादीतलं एक दुकान-बिकान वगळून गाडी दक्षिणेला सुयाकच्या पुढे ग्री ग्रीला नेली. तिथे प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, त्यामुळे मोकळा हिंदी महासागर थेट काळ्या कड्यावर आदळतो. गाडीचं दार उघडायच्या आधीच आवाज येत होता. सासूबाई पदर खोचून कठड्याशी गेल्या, खारे तुषार तोंडावर आले आणि म्हणाल्या, “हा कसा समुद्र वाटला!” पाऊण तास हलल्या नाहीत. ग्रुप टूरमध्ये हा थांबा असलाच तर पंधरा मिनिटांचा असतो. (तिथे पाण्यात उतरायचं नाही, ओढ जबरदस्त आहे आणि तशा पाट्याही आहेत.) परतीला बेल ओंब्रकडून किनाऱ्याकिनाऱ्याने आलो. माकोंदेच्या वळणावर रस्ता कड्याला चिकटून जातो, तिथेही थांबलो. हे थांबे कुठल्याच पॅकेजमध्ये छापलेले नव्हते.

आता पहिल्या खेपेचं. ऑनलाइन ठरवलेल्या एका कंपनीची गाडी होती, जाहिरातीत ‘तुमच्या आवडीनुसार’ ठळक अक्षरात. प्रत्यक्षात ड्रायव्हरच्या हातात छापील कागद. मॉडेल जहाजांचं शोरूम झालं, मग स्वेटरचं, मग हिऱ्यांचं. प्रत्येक ठिकाणी “फक्त दहा मिनिटं”, आणि दुपार झाली तरी आम्ही पठारावरच. मॉडेल जहाजं इथे खरोखर हाताने, बारकाईने बनवतात, आवड असेल तर पाहण्यासारखी आहेत. पण आई-बाबा काही बोहणीला आले नव्हते. तक्रार केल्यावर उत्तर आलं की थांबे मार्गाचा भाग आहेत. तेव्हापासून मी ठरवताना पहिलं वाक्य लिहिते: दुकानं नकोत. भाईसाब दुकानाचं विचारतात, पण नाही म्हटलं की विषय संपतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलेला दिवस बाबांबरोबरचा, राजधानी पोर्ट लुईचा. खरं तर त्याला टूर म्हणून कोणी विकत नाही, कारण सगळे तिथे बाजार आणि वॉटरफ्रंट करून पुढे जातात. बाबांना आप्रवासी घाट बघायचा होता, म्हणजे भारतातून आलेले मजूर जहाजातून जिथे उतरायचे ती जागा. गुलामगिरी संपवल्यावर ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर आणायचा प्रयोग इथे केला. 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख लोक आले, बहुतेक भारतातून. त्यातले बहुसंख्य कलकत्त्याहून निघालेले, पण काही मुंबई बंदरातून निघालेले कोकणातलेही. जागा छोटी आहे, दगडी पायऱ्या, काही खोल्या, शेजारी माहितीचं दालन. 2006 पासून जागतिक वारसा. बाबांनी प्रत्येक फलक वाचला. भाईसाबनी घाई केली नाही. उलट बाहेर आल्यावर स्वतःच्या पणजोबांचं सांगितलं, आणि मजुरांच्या जुन्या नोंदवह्या नि फोटो मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेले आहेत हेही. मग पुढचा बेत तिथल्या तिथे बदलला. पाँपलमूसच्या बागेतली मोठ्या पानांची कमळं राहिली, आणि गाडी वळली पश्चिमेला कास्काव्हेलला, जिथे मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतात. देवळात भेटलेल्या एका आजींशी बाबा मराठीत बोलू लागले आणि अर्ध्यातून क्रेओल-हिंदीवर यावं लागलं, पण गणपतीतल्या झाकरीचा विषय निघाल्यावर दोघांनाही पुरेसं समजत होतं. आपल्या कोकणातली जाखडी ती. गणेश चतुर्थीची इथे सार्वजनिक सुट्टी असते, हे बाबा अजून प्रत्येकाला फोनवर सांगतात. असा बेत करायचा तर रविवार टाळा, आप्रवासी घाट बंद असतो आणि शहरही अर्धं झोपलेलं.

जेवणाबद्दल माझं भाईसाबशी आजवर जमलेलं नाही. ते पाहुण्यांना शामारेलजवळच्या ठराविक हॉटेलात न्यायला बघतात. दृश्य सुंदर, ताट महाग, आणि शाकाहारी म्हटलं की उकडलेल्या भाज्या. त्यापेक्षा रस्त्याकडेची धॉल पुरी घ्या. आपल्या पुरणपोळीसारखीच मऊ, पण आत पिवळ्या डाळीचं जिरं-मीठ घातलेलं कोरडं पुरण. वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा भाजी, टोमॅटोची चटणी आणि मिरची, आणि सगळं कागदात गुंडाळून हातात. ती जोडीनेच देतात. मिरची “थोडी” सांगितली तरी आपल्याला पुरते. आता मीच सकाळी सांगून टाकते, दुपारी धॉल पुरी, हॉटेल नको. वाचलेला तास नैऋत्य टोकाला, ल मॉर्नच्या किनाऱ्यावर जातो.

ल मॉर्नला गाइडचा फरक कळतो. 556 मीटरचा तो एकटा डोंगर फोटोत सगळ्यांनाच आवडतो. पळून आलेले गुलाम तिथल्या कपारींत लपून राहायचे. 1835 मध्ये सुटकेची बातमी घेऊन शिपाई आले, ते पकडायला आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा सांगतात. भाईसाब ती सांगतात आणि लगेच म्हणतात, ही लोकांची आठवण आहे, कागदावर असं सापडत नाही. असं स्पष्ट बोलणाऱ्या गाइडवर बाकीच्या बाबतीतही विश्वास ठेवावासा वाटतो.

व्यवहार: चार जणांच्या गाडीला आम्ही दिवसाचे साडेतीन हजार मॉरिशियन रुपये देतो, पेट्रोल धरून. इथला रुपया आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांना पडतो. तिकिटं वेगळी, आणि बऱ्याच ठिकाणी परदेशी पर्यटकांचा दर रहिवाशांपेक्षा जास्त, तेव्हा एकूण खर्च गाडीच्या भाड्यावरून मोजू नका. सहा जण झाले की व्हॅन लागते आणि भाव उडी मारतो. नणंदेच्या वेळी मुलाची सीट आदल्या दिवशी आठवण करूनही आली नाही, तासभर त्यात गेला. तास संपले की भाईसाब घड्याळ बघायला लागतात, आणि संध्याकाळी पोर्ट लुईच्या बाजूला कोंडी असली तर तो वेळ आपल्याच खात्यात जमा होतो. आणि हो, बोलतात खूप. आईला दुपारी डुलकी घ्यायची होती, उसाच्या कारखान्यांचा इतिहास संपेना.

सगळ्यांना ही टूर लागतेच असं नाही. नवऱ्याच्या मित्रांना ल मॉर्न चढायचा होता, त्यांना डोंगर चढवणारा वेगळा गाइड हवा होता; भाईसाब फक्त सोडून परत घेऊन आले, म्हणजे दिवसभराचं भाडं पार्किंगला. ते पुढचे दोन दिवस बसने हिंडले आणि मजेत होते. गाडी डावीकडूनच चालते, तेव्हा स्वतः चालवायची तयारी असेल तर भाड्याची कार स्वस्त पडते. वयस्कर माणसं, लहान मुलं किंवा बाबांसारखी फलक वाचणारी मंडळी बरोबर असतील तर मात्र मी दुसरं काही सुचवणार नाही.

ठरवताना टुरिझम ऑथॉरिटीचा परवाना विचारा, खरे लोक लगेच दाखवतात. नोव्हेंबर ते मे चक्रीवादळांचा मोसम, त्या काळात आणखी एक गोष्ट आधीच लिहून घ्या. वादळाचा इशारा क्लास 3 ला (चारपैकी तिसऱ्या पातळीला) गेला की सगळं बंद होतं, गाडी निघतच नाही. अशा वेळी आगाऊ दिलेले पैसे परत मिळतील की फक्त तारीख बदलून मिळेल? आमच्या भाईसाबकडे तारीख बदलून मिळते. आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही आगाऊ देतच नाही.