धान्य की रोख: हक्काच्या मापाने
द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाणा तालुक्यांतून नाशिककडे येणाऱ्या मजूर कुटुंबांसाठी रेशनचे धान्य मागावे की खात्यात रोख रक्कम, असा पेच एका तरुण कार्यकर्त्याने मांडला. महागाईच्या कसोटीवर धान्य सरस ठरते, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य (सवलतीच्या धान्यास पात्र) कुटुंबात माणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबास ३५ किलो धान्य ठरलेले असून भाव चढले तरी वजन घटत नाही. ते न मिळाल्यास त्याच कायद्याने भत्ता मागता येतो, आणि मला हे कलम सर्वांत मोलाचे वाटते. शिधापत्रिका देशभर चालत असल्याने नाशकातही धान्य उचलता येते. रोख रकमेतून औषध, तेल, प्रवासभाडे भागते आणि निवडीचा मान राहतो. मात्र बँक लांब असल्यास दिवसाची मजुरी बुडते. (अंगठा न जुळण्याचा ताप दोन्हीकडे आहेच.) लेकुरवाळ्या, बाजारापासून दूरच्या घरांनी धान्य धरावे, आजारपणाने वा उचलीने (आगाऊ घेतलेल्या मजुरीने) बांधलेल्यांना रोख हवी, पण धान्याच्या जोडीला.