मोदक फॉन्ट: तान्ह्या पोळ्याच्या बॅनरले एक नंबर, बारीक मजकुराले नको

फ्लेक्सचं काम करणाऱ्या भावांनो, मोदक फॉन्ट अजून टाकला नसंल तर टाकून घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीनं बनवलाय, गुगल फॉन्ट्सवर फुकट भेटते, लायसन ओपन हाय म्हणून गिऱ्हाइकाच्या कामात बिनधास्त वापरा. अक्षरं एवढी गुबगुबीत की आतली पोकळी जवळपास उरतच नाही, 'ष' टाइप करून झूम करून पाहा, पोटात नुसती केसाएवढी चीर दिसते, तरी दहा फुटी फ्लेक्सवर चालत्या एसटीतून वाचता येते कारण बाहेरचा आकारच पक्का हाय. लहान पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात त्या बॅनरले तर हाच शोभते बाप्पा.

पण कृषी केंद्राच्या रेटबोर्डाले, मोबाईल नंबरले लावू नका. लहान साइजमध्ये त्या चिरा भरतात न 'ष' कोणता 'प' कोणता कळतच नाही. आउटलाइन द्यायची तर अक्षराच्या मागून द्या, नाहीतर उरलीसुरली चीर पण गायब. वजन म्हणजे अक्षराची जाडी एकच हाय, बारीक पायजे असंल तर एक टाइपचाच बलू २ फॉन्ट घ्या, त्याच्यात रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत सगळं हाय. जुन्या कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड जोडाक्षरं तुटतात, मी इंकस्केप या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून पाथ करतो, म्हणजे अक्षराचा नुसता आकार करतो, न मग कोरलमध्ये नेतो.

अन् श्रद्धांजलीच्या बॅनरवर चुकूनही नाही हं, वाढदिवसच वाटते.