लंडनची मिश्र शाळा की गावाकडची गोरी शाळा?

मावसबहिणीला प्रश्न पडलाय. लंडनच्या हॅरो या उपनगरातच राहून लेकीला गुजराती, तमिळ, सोमाली मुलांनी भरलेल्या शाळेत घालायचं, की लंडनबाहेर, जिथे वर्गात नव्वद टक्के गोरी मुलं, तिथे घर घ्यायचं? ‘इंग्रजी मुलं जास्त तिथे अभ्यास चांगला’ हा तिच्या सासरचा हिशेब.

निकालाच्या बाबतीत हा हिशेब उलटाच निघतो. ब्रिस्टल विद्यापीठाच्या सायमन बर्जेस यांनी 2014 मध्ये दाखवलं की लंडनच्या मुलांची प्रगती देशापेक्षा सरस असण्याचं मोठं कारण तिथली वांशिक सरमिसळच आहे. स्थलांतरितांच्या घरात शिक्षणाची भूक जास्त असते, हे त्यांचं स्पष्टीकरण. पण म्हणून शेजारच्या बाकावरचा तमिळ मुलगा आपल्या पोरीचे गुण वाढवेल असं नाही. सरासरी उंचावते ती मुख्यतः त्या मुलांच्या स्वतःच्या गुणांनी. अमेरिकेतही शाळांच्या मोठ्या सरकारी पाहणीत, 1966 च्या कोलमन अहवालात, वर्गमित्रांच्या वंशापेक्षा त्यांची घरची परिस्थितीच जास्त बोलकी ठरली होती.

शाळांची तुलना ‘प्रोग्रेस 8’वर करावी, म्हणजे प्राथमिक संपल्यापासून सोळाव्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत मुलं किती पुढे गेली या आकड्यावर; नुसत्या गुणांवर नको. मात्र कोविडमध्ये प्राथमिकच्या परीक्षा रद्द झाल्याने 2025 आणि 2026 साठी तो आकडाच नाही, जुनेच बघा.

घर बाहेर स्वस्त, पण रेल्वेचा पास त्यातलं बरंच खातो.

घरी अभ्यासाला बसवणारं कुणी असेल आणि बाग हवी असेल, तर बाहेरची शाळा चालेल. मुलगी बुजरी असेल, वर्गात एकटीच सावळी पडण्याची धास्ती असेल, तर हॅरो सोडू नये.