‘रीबिल्ट’ या एका शब्दावर गेलेले १५,५०० रुपये

पुण्याहून मिरज-कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्यांना विजेचं इंजिन लागण्याआधी घोरपडी शेडची डिझेल इंजिनं असायची. त्यातल्या एकाचं छोटं मॉडेल मला माझ्या घरच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर हवं होतं. डब्ल्यूडीएम-२ म्हणून जन्मलेलं, २६०० अश्वशक्तीचं, आणि पुढे पतियाळ्याच्या कारखान्यात नव्याने बांधून, म्हणजे ‘रीबिल्ट’ होऊन, ३१०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-३ए झालेलं. अशा इंजिनाच्या नंबराच्या शेवटी ‘आर’ असतो. मला तो ‘आर’ हवाच होता.

भारतीय इंजिनांची एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातली मॉडेलं दुकानात सहसा मिळत नाहीत. कुणीतरी घरी बनवतं, आपण फोटो बघून पैसे पाठवतो. मी ज्याच्याकडून मॉडेल घेतलं त्याचे फोटो सुंदर होते: हूडवरची काजळी, फिकट पडलेला रंग, नंबर आणि पुढे ‘आर’. १५,५०० रुपये, सगळे आगाऊ.

चार महिन्यांनी खोकं आलं. रंगकाम खरंच छान होतं, ते नाकारत नाही. पण रुळावर ठेवल्याबरोबर नजर बोगीवर, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यावर अडली. डब्ल्यूडीएम-२ची बोगी ट्रायमाउंट, म्हणजे इंजिनाचा भार तीन ठिकाणी घेणारी. तिच्या तीन अ‍ॅक्सलमधली (चाकांच्या आसांमधली) अंतरं सारखी नसतात. दोन चाकं जवळ, तिसरं जरा फटकून. माझ्या मॉडेलवर बाहेरून चिकटवलेली रेझिनची साइड फ्रेम (बोगीची दर्शनी बाजू) ट्रायमाउंटची होती, पण आतली चाकं मात्र समान अंतरावर. त्यामुळे फ्रेमवरचे अ‍ॅक्सल बॉक्स, म्हणजे आसाच्या टोकावरचे डबे, एकीकडे आणि चाकाचा मध्य भलतीकडेच.

फोन केला. “साहेब, रीबिल्ट आहे ना! पतियाळ्यात बोगी बदलतात. तुम्ही जुने फोटो बघताय.”

आणि सांगायला लाज वाटते, पण मी दोन दिवस गप्प बसलो. थाप बेमालूम होती. डब्ल्यूडीजी-३ए आणि डब्ल्यूडीएम-३डी या दुसऱ्या डिझेल इंजिनांना खरोखरच वेगळी, रुळावर जास्त पकड घेणारी हाय-अ‍ॅडहेजन बोगी असते. तिच्यात चाकं फिरवणाऱ्या सगळ्या ट्रॅक्शन मोटरी एकाच दिशेला बसवलेल्या. मला हे अर्धवट माहीत होतं, आणि त्या अर्धवट माहितीनेच माझं तोंड बंद केलं. तिसऱ्या दिवशी जुनी हार्ड डिस्क काढली. मिरजेच्या फलाटावर मीच काढलेला त्याच नंबरचा फोटो सापडला. ‘आर’ ठळक, आणि खाली दोन चाकं जवळ, तिसरं फटकून. ताकद वाढली होती, बोगी ट्रायमाउंटच राहिली होती.

मग बॉडी उचलून आत पाहिलं. कुठल्यातरी अमेरिकन सहा अ‍ॅक्सलवाल्या मॉडेलाची जुनी चेसिस, मधोमध कापून इपॉक्सीने जोडलेली. (खरं इंजिन १७ मीटरच्या आसपास, म्हणजे १:८७ला जेमतेम २० सेंटीमीटर, चेसिस लांब पडली असणार.) ‘सहाही अ‍ॅक्सलना ड्राइव्ह’ असं लिहून दिलं होतं, पण मागच्या बोगीत गिअरच नव्हते. पुढच्या बोगीत अ‍ॅक्सलवरचा प्लॅस्टिकचा गिअर तडकलेला, त्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक् आवाज. त्याने पाठवलेल्या व्हिडिओवर बासरी का वाजत होती, ते तेव्हा कळलं.

त्यानंतर फोन लागला नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ठाण्यात पहिला प्रश्न आला, “वस्तू मिळाली ना?” खेळण्यातल्या बोगीच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर हवालदारांना कसं समजावणार!

पैसे पाठवण्याआधी इंजिन उलटं ठेवून काढलेला फोटो मागा, आणि शेजारी कागदावर त्या दिवशीची तारीख लिहायला सांगा. संगीत न घातलेला, दोन्ही बोग्या दिसतील असा चालता व्हिडिओ मागा. मला हे सुचलं नव्हतं असं नाही. एवढ्या कलाकार माणसावर संशय कसा घ्यायचा, म्हणून मागितलं नाही.

बॉडी ठेवून दिली आहे. आरएसडी-१२ या अमेरिकन डिझेल इंजिनाच्या मॉडेलाला ट्रायमाउंट बोगी असते, तशी सेकंडहँड चेसिस शोधतोय. परवा एकाने फोटो पाठवले, तीन कोनांतून, तिन्ही वरूनच. खालचा मागितलाय.