पीएच.डी.चा प्रबंध मराठीत लिहावा की इंग्रजीत?

समाजशास्त्र, इतिहास किंवा राज्यशास्त्रात पीएच.डी.ला नाव नोंदवलं की हा प्रश्न येतोच. मराठी सोपी पडेल म्हणून ती घेणार असाल, तर जरा थांबा. नियमांत भाषेपरत्वे सवलत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक दोन्ही भाषांतल्या प्रबंधांना लागतात. वाङ्मयचौर्याचे २०१८ चे नियमही तेच: १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द.

खरा फरक पडतो तो तुमच्या सामग्रीत. बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलाखती घेतल्या असतील, तर वहीत 'उचल' (आगाऊ घेतलेली रक्कम), 'मुकादम' (मजूर पुरवणारा), 'कोयता' हेच शब्द असणार. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, जोडीनं तोडणीला जाणारं नवरा-बायकोचं एकक. इंग्रजीत यासाठी तळटीप द्यावी लागते आणि बाईच्या बोलण्यातली धार त्या तळटिपेत मावत नाही. मराठीत तिचं वाक्य जसंच्या तसं छापता येतं.

उलट सिद्धान्ताच्या प्रकरणात मराठी दमवते. 'एजन्सी'ला, म्हणजे माणसाच्या स्वतः ठरवून वागण्याच्या क्षमतेला, कोणी कर्तेपण म्हणतं, कोणी कर्तृत्व. एक शब्द निवडून, पहिल्याच प्रकरणात त्याचा अर्थ सांगून शेवटपर्यंत पाळावा लागतो. इंग्रजीत संज्ञा तयार मिळतात, परीक्षक देशभरातून आणि परदेशातूनही मिळू शकतात. राज्याबाहेर नोकरी किंवा पोस्ट-डॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन) डोक्यात असेल, तर मी इंग्रजीच सुचवेन. विज्ञान शाखेत तर हा प्रश्न फारसा उरतच नाही.

मराठी घेतलीत तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखी वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करा. जुन्या फॉन्टमधली दोनशे पानं एका विद्यार्थिनीनं सादरीकरणाच्या तोंडावर बदलून घेतली तेव्हा रफार शेजारच्या अक्षरावर गेले आणि जोडाक्षरं फुटली. तीन आठवडे नुसत्या मुद्रितशोधनात गेले. शिवाय जुन्या फॉन्टमधला मजकूर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी म्हणून वाचताच येत नाही.

तरीही ठरत नसेल, तर एकाच मुलाखतीवर दोन्ही भाषांत तीन-तीन पानं लिहा आणि गाईडना द्या. कुठल्या पानांवरच्या खुणा वाक्यरचनेच्या आहेत आणि कुठल्या पानांवर ते तुमच्या मुद्द्याशी वाद घालतायत, ते बघा. ज्या पानांवर वाद झाला, ती भाषा घ्या.