ग्लोब नाट्यगृह, लंडन : उभ्याने पाहण्याचे शेक्सपिअर

शेक्सपिअर ज्याचा भागीदार होता ते १५९९ मधील मूळ ग्लोब १६१३ मध्ये ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात उडवलेल्या तोफेमुळे गवताने शाकारलेल्या छपराला आग लागून भस्मसात झाले, त्याच धर्तीवर थेम्सच्या दक्षिण तीरावर बांधलेली आणि १९९७ मध्ये खुली झालेली आजची वास्तूही शाकारलेलीच आहे, मात्र आता छपरावर पाण्याचे फवारे बसवलेले आहेत.

माझ्या मते येथील सर्वांत स्वस्त तिकीटच सर्वांत मोलाचे. रंगमंचासमोरच्या उघड्या चौकात प्रेक्षक उभे राहतात, नट त्यांच्यातून वाट काढत रंगमंचावर चढतात आणि स्वगत हवेत न विरता थेट समोरच्याला उद्देशून बोलले जाते, त्यामुळे छापील पानावर जड वाटणारी वाक्ये सहज उलगडतात. पाऊस आला तरी प्रयोग थांबत नाही आणि चौकात छत्री उघडू देत नाहीत. तेव्हा रेनकोट हवाच. सज्जातील लाकडी बाकांना पाठ नसते, उशी भाड्याने घ्यावी लागते, शिवाय रंगमंचावरील दोन जाड खांब काही आसनांवरून नेमके मोक्याच्या क्षणी आड येतात. मधूनच डोक्यावरून जाणारे विमान हॅम्लेटचेही ऐकत नाही. गुडघे साथ देत असतील, तर चौकातच उभे राहावे.